आतून पांढरं भांडं

शनिवार, रात्री साडेदहा. इस्तंबूल.

उद्या संध्याकाळचं विमान आहे. उद्या रविवार आणि ग्रँड बझार रविवारी बंद असतो, म्हणजे जे काही घ्यायचं ते आजच घेणं भाग होतं. पाय भरून आलेत, पण आत्ताच लिहून ठेवते. पुण्याला पोचल्यावर पहिल्या दोन दिवसांत सगळं विरून जातं.

सकाळी आतापर्यंतची खरेदी पलंगावर मांडली आणि मन खट्टू झालं. परवा सुलतानअहमदमधल्या एकाच दुकानातून, पाच मिनिटांत, अकरा फ्रिज मॅग्नेट उचलले होते. निळी मशीद, गलाता मनोरा, इस्तिकलाल रस्त्यावरची लाल ट्राम. ऑफिसात वाटायला आणि सोसायटीत द्यायला. त्यातला एकही घेताना कुणाचा चेहरा डोळ्यांपुढे नव्हता. आपण एवढ्या लांब येतो, आठ दिवस इथलं अन्न खातो, आणि घरच्यांसाठी असं मोजून काहीतरी नेतो, याचं खरंच वाईट वाटलं. ठरवलं की आज चारच माणसांसाठी घ्यायचं, पण त्या माणसाचा विचार करून.

आधी एमिनोन्यूला, मसाल्यांच्या बाजारात. इथे त्याला मिसिर चार्शीसी म्हणतात, इजिप्तचा बाजार. इजिप्तमधून येणाऱ्या महसुलातून तो सतराव्या शतकात बांधला गेला, म्हणून हे नाव. सुमाक, पुदिना, वाळवलेली वांगी दोरीला माळेसारखी ओवलेली. 'तुर्की केशर' अशी पाटी लावलेले लालपिवळे ढीगही होते. मूठभर जवळून पाहिलं आणि ओळखलं. करडईच्या पाकळ्या! माझं आजोळ सोलापूरकडचं, करडईच्या काटेरी शेतातून लहानपणी ओरखडे घेत फिरलेय. रंग येतो, पण केशराचा वास नाही. घेणाऱ्याने काय घेतो ते माहीत असू द्यावं, एवढंच. मी नाही घेतलं.

आत्यासाठी लोकुम घेतलं, गुलाबाचं आणि पिस्त्याचं. ती पक्की शाकाहारी, बाहेरची मऊ मिठाई दिसली की "यात जिलेटिन नाही ना गं?" हा तिचा पहिला प्रश्न. पारंपरिक लोकुम साखर आणि स्टार्चचं असतं, जिलेटिन त्यात लागतच नाही. तरी दुकानदाराला विचारून खात्री करून घेतली. हाजी बेकिर यांचं दुकान या शहरात 1777 पासून लोकुम विकतंय. आत्याला तारखा लक्षात ठेवायला आवडतात, डबा देताना हे सांगेन.

बहिणीच्या बाळासाठी नाझार बोंजुक, म्हणजे नजरेचा मणी. गडद निळा, मध्ये पांढरा, त्यात फिका निळा, त्यात काळा ठिपका. शब्द ऐकूनच मला घरी गेल्यासारखं झालं. आपल्याकडे बाळाच्या गालावर काजळाची तीट, इथे दुपट्याला पिनेने अडकवलेला हा मणी. प्लॅस्टिकचे ढिगाने मिळतात. मी काचेचाच घेतला, त्यात एक हवेचा बुडबुडा अडकलेला आहे. इझमीरजवळच्या खेड्यांत भट्टीवर काच वितळवून हातानं करतात हे मणी. तो बुडबुडा पाहून तोच उचलला.

बाबांना माझं वापरलेलं इस्तंबूलकार्ड देणार आहे. बस, ट्राम, मेट्रो, बोट, सगळ्याला एकच कार्ड. एसटीत आयुष्य काढलेल्या माणसाला यापेक्षा चांगलं काही मला सुचलं नाही. एमिनोन्यूहून कादिकॉयला जाताना बोटीत बसून युरोपातून आशियात गेले, तेव्हा यंत्राला लावलं होतं ते हेच कार्ड.

राहिली आई. तिला विचारलं की एकच उत्तर. "काही नको गं, तू नीट ये."

दुपारी ग्रँड बझारमध्ये शिरले. साठेक गल्ल्या, हजारो दुकानं. 1453 मध्ये हे शहर जिंकल्यावर दोनतीन वर्षांतच सुलतान मेहमेदने त्याची सुरुवात केली. चप्पल, दिवे, गालिचे बघत बराच वेळ नुसती भटकले, आईचं असं काहीच दिसेना. आणि मग एका गल्लीच्या वळणावर ठोकण्याचा आवाज आला. टक्, टक्, थांबून पुन्हा टक्.

हा आवाज माझ्या ओळखीचा आहे. आमचं जुनं घर कसब्यात होतं, तांबट आळीपासून दोन मिनिटांवर. शाळेतून येताना मठारकामाचा हाच ठेका कानावर पडायचा.

दुकानात जेझवे टांगलेले होते, लांब दांड्याची कॉफीची भांडी. बाहेर लटकवलेले सगळे चकचकीत, नक्षीदार, पण आतूनही तांबडेच. शोभेचे. आतल्या फळीवर मात्र चार साधे होते. त्यातला एक उचलला. हाताला जड. अंगावर हातोडीचे ठोके, एकासारखा दुसरा नाही, कडेशी दाट आणि बुडाशी विरळ होत गेलेले. आणि आत डोकावले तर पांढराशुभ्र.

दुकानदार म्हणाला, "कलाय."

मी म्हटलं, "कल्हई?"

त्याने मान हलवली. "कलाय, कलाय." आणि भांड्याच्या आत बोट फिरवून कापसाचा बोळा फिरवल्यासारखं करून दाखवलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खरंच. आमच्या वाड्याच्या दारात कल्हईवाला बसायचा. भाता, निखारे, नवसागराचा पांढरा धूर आणि तो नाकात झोंबणारा वास, मग कापसाने एक फिरकी की काळं पातेलं चांदीसारखं. आता तो येत नाही. आईची पितळी पातेली वर्षानुवर्षं माळ्यावर पडून आहेत. कल्हईशिवाय त्यात आमटी केली तर कळकते, आणि टाकून द्यायची म्हटलं तर तिचा जीव होत नाही.

दुकानदाराने चहा मागवला. मला 'आब्ला' म्हणत होता, म्हणजे ताई. हिशेबाला 'हेसाप', दुकानाला 'द्युक्कान', तव्याला 'तावा'. एकेक शब्द आम्ही एकमेकांना दाखवत बसलो. कल्हईवाल्याला काय म्हणता विचारलं तर 'कलायजी'. आपल्याकडे हाका मारायला हाच शब्द शोभला असता. किमतीची घासाघीस मी केली नाही. ती ठोक्यांची मजुरी होती, आणि ते ठोके मला मोजता येत होते.

आई दुपारी चारला कॉफी करते, जायफळ घालून, तिची आणि बाबांची. दोन कपांचंच भांडं आहे हे.

संध्याकाळी सहाला व्हिडिओ कॉल लावला, तिकडे साडेआठ झाले होते. आश्चर्याचा धक्का देण्याचा बेत होता, पण मला राहवलं नाही. जेझवे कॅमेऱ्यासमोर धरला.

"तांब्याचं आहे ना? कळकेल."

"आत बघ."

मी भांडं वाकडं केलं. आईने चष्मा वर सारला, फोन जवळ घेतला. नुसतं तिचं कपाळ दिसत होतं.

"अगंबाई, कल्हई!" मग जरा वेळ काही बोलली नाही. मागे बाबा काय झालं, काय झालं विचारत होते.

"आणि हे बघ," ती म्हणाली, "रिकामं ठेवू नकोस हं विस्तवावर, उतरते ती."

भांडं हातातल्या बॅगेत घेणार आहे. मॅग्नेटं मोठ्या बॅगेत टाकली.