दिवा, मीटरपट्टी आणि लक्स

काल रात्री खोलीत पूर्ण अंधार करून मी मोबाइलमधल्या प्रकाश-संवेदकाने एका साध्या एलईडी दिव्याचा प्रकाश वेगवेगळ्या अंतरांवर मोजला. अर्ध्या मीटरवर ४०० लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचे एकक) भरले, म्हणजे खगोलशास्त्रज्ञ केप्लरने १६०४ साली मांडलेल्या व्यस्त वर्गाच्या नियमानुसार (अंतर दुप्पट झाले की प्रकाश एक चतुर्थांश) एका मीटरवर १०० यायला हवे होते; आले मात्र ११८. दिवा बंद केल्यावर आकडा शून्यच होता, तेव्हा बाहेरच्या उजेडाचा प्रश्न नव्हता. मागच्या पांढऱ्या भिंतीवर काळी चादर टांगताच एका मीटरवरचा आकडा १०३वर उतरला, अर्ध्या मीटरवरचा मात्र फारसा हलला नाही. भिंतीवरून परतणारा प्रकाशही संवेदक इमानाने मोजत होता! दहा सेंटिमीटरवर मात्र हा हिशेब जुळत नाही, कारण हा नियम बिंदूएवढ्या स्रोतासाठी आहे आणि इतक्या जवळून दिव्याला बिंदू मानता येत नाही.