उद्याच्या पॉववॉवआधी

20 जून, टोरोंटो

उद्या कॅनडाचा राष्ट्रीय मूलनिवासी दिन. 1996 पासून 21 जूनला फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेटी या तिन्ही मूलनिवासी समाजांसाठी तो साजरा होतो. त्या दिवशीच्या पॉववॉवला, म्हणजे मूलनिवासींच्या ढोल, गाणी आणि नाचांच्या मेळाव्याला, यंदा ओळखीतली बरीच मराठी कुटुंबं जायचं म्हणताहेत, म्हणून हे लिहून ठेवते आहे.

ग्रँड एन्ट्री, म्हणजे सुरुवातीची सगळ्यांची रिंगणात येणारी मिरवणूक, चुकवू नये. अर्धा तास आधी पोहोचावं, घडीची खुर्ची सोबत न्यावी. रिंगणालगतच्या बाकांवर पांघरुणं टाकलेली दिसली तर त्या जागा नर्तकांच्या. आधी गरुडाच्या पिसांची काठी येते, मग झेंडे, माजी सैनिक आणि त्यांच्यामागे नर्तक. सगळे टोपी काढून उभे राहतात. निवेदक सांगेपर्यंत बसू नये. प्रार्थनेच्या वेळी फोन खिशातच असावा. नाचताना गरुडाचं पीस पडलं तर मदत म्हणून उचलायला धावू नका. नाच थांबतो, ठरलेली माणसंच विधीने ते उचलतात, आणि तोवर फोटो काढायचे नाहीत. ‘इंटरट्रायबल’ म्हणजे सर्वांसाठी खुल्या नाचाची घोषणा झाली की मात्र आपणही रिंगणात उतरायचं. बहुतेक ठिकाणी फेरा घड्याळाच्या दिशेने असतो, हौडेनोसौनी या मूलनिवासी राष्ट्रांकडे उलट. पुढच्याची पावलं बघावीत.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो जिंगल नाच, पत्र्याचे शंकू लावलेला झगा घालून बायका करतात तो. ओजिब्वे या मूलनिवासी लोकांत तो 1918 च्या फ्लूच्या साथीच्या सुमारास, आजाऱ्याला बरं वाटावं म्हणून सुरू झाला, असं सांगतात. तपकिरीच्या डब्यांची पत्र्याची झाकणं गुंडाळून शंकू करतात आणि झग्यावर ओळीने टाचतात. शंकू एकमेकांवर आपटले तरच पावसासारखा आवाज येतो. अंतर जास्त पडलं तर झगा मुका राहतो. जुन्या पद्धतीत पावलं जमिनीलगतच ठेवतात. त्या झग्याला हात लावू नये. फोटो हवा असेल तर आधी विचारावं.

मंडळाच्या कार्यक्रमाला मूलनिवासींतल्या कुणा ज्येष्ठांना बोलवायचं असेल, तर आधी त्यांच्या लोकांत काय रीत आहे ते विचारा. अनिशिनाबे (ओजिब्वे यांच्यातलेच) ज्येष्ठांना विनंती करताना सुटी तंबाखू कापडाच्या लहान चौकोनात बांधून पुढे धरतात. त्यांनी ती घेतली म्हणजे विनंती स्वीकारली. इन्युइट लोकांत ही रीत नाही. मानधनाचं पाकीट वेगळं, आणि त्याच दिवशी द्यायचं. सेज किंवा स्वीटग्रास या पवित्र वनस्पतींचा धूर करणार असतील तर हॉलच्या व्यवस्थापकाला आधी कळवा, नाहीतर प्रार्थना चालू असतानाच फायर अलार्म वाजतो. ही जमीन मूळची कुणाची हे कार्यक्रमाच्या सुरुवातीला सांगतात, तो भूमीचा उल्लेखही कुठून तरी उतरवून वाचू नये. टोरोंटोची जमीन मिसिसागाज ऑफ द क्रेडिट या फर्स्ट नेशनशी 1805 मध्ये झालेल्या करारातली. त्या व्यवहाराचा दावा मिटायला 2010 उजाडलं आणि सरकारने 14.5 कोटी डॉलर दिले. एवढं दोन वाक्यांत सांगता येतं.

आणि भाषा. मूलनिवासी मुलांना घरापासून तोडणाऱ्या सरकारी-चर्चच्या निवासी शाळांत दीड लाखाहून अधिक मुलं घातली गेली, आईची भाषा बोलली म्हणून त्यांना मार बसला. या शाळांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि सलोखा आयोगाने 2015 मध्ये 94 मागण्या मांडल्या, त्यांत भाषांसाठीच्याही आहेत. 2019 मध्ये मूलनिवासी भाषांचा कायदा झाला. तरीही कार्यक्रम लांबला की पहिली कात्री लागते ती ज्येष्ठांच्या त्यांच्या भाषेतल्या बोलण्याला, आणि हे मला फार लागतं. त्यांना सुरुवातीलाच माइक द्या, मधे घड्याळ दाखवू नका, भाषांतर हवं की नको हे त्यांनाच ठरवू द्या. नगरसेवकांची भाषणं त्यानंतर ठेवा.