चौथा सेल

मे महिन्यातील त्या दुपारची नोंद मी अजून पूर्ण केलेली नाही. सिंधुदुर्गातील आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांनी रातांब्यांच्या (कोकमाच्या फळांच्या) रंगावर चालणारे चार सौर सेल एकसरीत जोडले होते आणि बटन-सेल काढलेला एक छोटा कॅल्क्युलेटर त्यांवर सकाळपासून चालत होता.

ब्रायन ओ’रेगन आणि मायकेल ग्रॅट्झेल यांनी १९९१ साली मांडलेल्या या रचनेचा खरा कस रंग धरून ठेवणाऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडच्या थरात लागतो. खरेदी विभागाने आधी रंगाच्या दुकानातील भुकटी आणली. तिचे कण शेकडो नॅनोमीटरचे असतात, आम्हाला मात्र २० ते २५ नॅनोमीटरचे हवे होते, कारण कण बारीक नसतील तर रंग धरायला पुरेसा पृष्ठभागच मिळत नाही. हे पटवण्यात तीन आठवडे गेले, आणि पटवावे लागले याचे मला आजही वाईट वाटते. योग्य भुकटी आल्यावर काचेच्या वाहक बाजूवर चिकटपट्टीच्या जाडीएवढा लेप ओढून तो ४५० अंशांवर अर्धा तास भाजला. आगळात, म्हणजे रातांब्याच्या साठवणीच्या रसात, मीठ असते म्हणून आम्ही ताज्या सालींचा अर्क घेतला. त्यात बुडवताच पांढरा थर लालऐवजी जांभळा होत गेला. सालीतील लाल रंगद्रव्याच्या, म्हणजे सायनिडिनच्या, रेणूतील शेजारशेजारचे दोन हायड्रॉक्सिल गट टायटॅनियमला धरतात, तेव्हा रंग असा पालटतो. विद्यार्थ्यांना हे डोळ्यांनी पाहता आले, याचा मला फार आनंद आहे.

प्रत्येक सेल ०.४ व्होल्टच्या आसपास दाब देत होता. दुपारी दोनच्या सुमारास कॅल्क्युलेटरवरील आकडे पुसट होऊन दिसेनासे झाले. सुटे मोजल्यावर तीन सेल ठीक निघाले. चौथ्याचा दाब शून्याजवळ होता. सेलच्या दोन काचा धरून ठेवणाऱ्या क्लिपा काढल्या, तर त्यांमधील आयोडीनचे द्रावण सुकलेले नव्हते, पण थर मात्र फिका पडला होता.

“सर, ही काच मी पाण्याने धुतली होती, पण नंतर अल्कोहोलने धुवायची राहिली,” तो सेल बनवणारी विद्यार्थिनी म्हणाली. छिद्रांत उरलेल्या पाण्याने रंगाची पकड सुटली असावी, असे मी तेव्हा सांगितले. पण उन्हातील अतिनील किरण शोषून टायटॅनियम डायऑक्साइड स्वतःच रंगाचे विघटन करतो, आणि त्या बाकावर हाच सेल खिडकीच्या सर्वांत जवळ होता. दोन्ही कारणे एकाच काचेवर आली होती आणि ती वेगळी करण्याची सोय मी आधी केली नव्हती.

आता दोन काचा फक्त पाण्याने, दोन अल्कोहोलनेही धुवायच्या आणि प्रत्येक जोडीतील एक अतिनील गाळणीखाली ठेवायची, असे ठरले आहे. हंगाम संपत आला म्हणून काल तिने फ्रीझरमध्ये ठेवायला आणखी दोन किलो रातांबे आणले.