टॉप गिअर सुटणारी जीप

सिल्लोडकडची एक जुनी पेट्रोल जीप, तिच्यात घरच्या शेडमध्ये बसवलेलं बोलेरोचं डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) डिझेल इंजिन आणि तक्रार एकच: टॉप गिअर सुटतो. अजिंठ्याचा घाट उतरून फर्दापूरकडं जाताना अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला की लिव्हर आपोआप न्यूट्रलला. मालकानं त्यावर जुगाड केला होता. सायकलच्या ट्यूबची पट्टी लिव्हरला गुंडाळून सीटच्या पाइपाला ताणून बांधलेली. चिकलठाणा एमआयडीसीत आमच्या शेडपुढं गाडी टेम्पोतून उतरली तेव्हा गिअरबॉक्स काढून वेगळा ठेवलेला होता आणि ट्यूब तेवढी सीटला लोंबत होती.

आमचं गॅरेज नाही. लेथ, बोरिंग, मिलिंग, फ्लँजचं जॉबवर्क. इंजिन बदलणारे आमच्याकडं येतात ते प्लेट किंवा बुश करून घ्यायला, तेही बाकी सगळे उपाय संपल्यावर.

इथंही तेच झालं होतं. सिंक्रो रिंग बदलली, स्लीव्ह बदलली, शिफ्ट फोर्क बदलला, डिटेंटची गोळी आणि स्प्रिंग बदलली, पुढचं बेअरिंग बदललं. एका मिस्त्रीनं तर दुसरा अख्खा गिअरबॉक्सच लावून पाहिला. तोही सुटला. मालकानं विचारलं, "दादा, डबा नवा टाकला तरी सुटतो, काहून?" खरं तर त्याच्या प्रश्नातच उत्तर होतं. दोन वेगळे डबे एकच दुखणं सांगत असतील, तर दुखणं डब्यात नाही. पण गिअर सुटतो म्हटलं की गिअरबॉक्स उघडायचा, ही आपल्याकडची रीत. पार्ट बदलला की बिल करता येतं, मोजमापाचं बिल कोण देणार?

जुन्या जीपचा डबा तीन गिअरचा. तिसरा गिअर डायरेक्ट, म्हणजे एकास एक. पहिल्या-दुसऱ्यात ताकद खालच्या काउंटर शाफ्टवरून फिरून येते. टॉपमध्ये मात्र इंजिनकडून येणारा इनपुट शाफ्ट आणि मागचा मेनशाफ्ट स्लीव्हनं एकमेकांना बांधले जातात आणि एकच शाफ्ट असल्यासारखे फिरतात. आता इनपुट शाफ्टचं पुढचं टोक क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य शाफ्टच्या) मागच्या टोकातल्या पायलट बुशात, म्हणजे आधार देणाऱ्या छोट्या नळीत असतं आणि मागची बाजू डब्याच्या बेअरिंगमध्ये. क्रँकचं सेंटर आणि डब्याचं सेंटर जुळत नसेल, तर शाफ्ट दर फेऱ्याला थोडा वाकतो, डोलतो. स्लीव्हचे दात त्या डोलण्यानं दर फेऱ्याला किंचित मागं सरकतात. ओढीवर असताना दातांवरचा दाब स्लीव्ह धरून ठेवतो. पाय उचलला की दाब सुटतो आणि दिशा उलटते. त्या क्षणी स्लीव्ह घसरते. म्हणून उतारावर आणि म्हणून टॉपलाच.

डीआय इंजिनाच्या मागच्या तोंडाला जीपचा जुना बेल हाउसिंग (इंजिन आणि डब्यामधलं घंटेसारखं कवच) बसत नाही, त्यामुळं मधे अ‍ॅडाप्टर प्लेट टाकलेली. १६ मिमी माइल्ड स्टील, गॅस कटिंगनं कापलेली, होलं गॅस्केटवरून कागदावर छाप घेऊन पाडलेली. बोल्ट एम १०, होलं ११ मिमीची. डॉवेल पिन, म्हणजे जागा पक्की धरणारी घट्ट पिन, एकही नाही. इथंच मला अर्धं कळलं होतं. बोल्ट आवळण्यासाठी असतो, जागा धरण्यासाठी नाही. ११ च्या होलात १० चा बोल्ट कोणत्याही बाजूला अर्धा मिमी सरकू शकतो आणि इथं असे जोड दोन: इंजिन ते प्लेट, प्लेट ते बेल हाउसिंग. कंपनीच्या गाडीत हेच काम डॉवेल करतात, म्हणून तिथं बोल्ट कुणीही आवळला तरी चालतं. ज्या कामाला मायक्रॉन लागतात ते सुतात मोजलेलं.

मोजायची पद्धत सोपी आहे, फक्त घाई नको. इंजेक्टर काढून घ्यायचे, नाहीतर डिझेलचं कॉम्प्रेशन क्रँक हातानं सावकाश फिरू देत नाही. क्लच काढायचा. फ्लायव्हीलवर मॅग्नेटिक बेस, त्यावर डायल गेज आणि त्याची सुई बेल हाउसिंगच्या मागच्या बोअरमध्ये, म्हणजे गिअरबॉक्सची कॉलर जिथं बसते तिथं. पुढच्या पुलीच्या बोल्टवर पाना लावून क्रँक एका दिशेनं फिरवायचा आणि चार ठिकाणी वाचन घ्यायचं. त्याआधी क्रँकमधल्या पायलट बोअरचा आणि फ्लायव्हीलच्या फेसचा रनआउट, म्हणजे फिरताना किती डोलतात ते, पाहून घ्यायचा. मूळच चुकीचं असेल तर पुढचे आकडे फुकट. ते दोन्ही ठीक होते, २० आणि ५० मायक्रॉन. फेसचं वाचन घेताना क्रँक मागून एकाच बाजूला दाबून धरायचा, नाहीतर एंड प्लेचाच (क्रँकच्या मागं-पुढं हलण्याचा) आकडा फेसमध्ये मिसळतो. आणि जोडाच्या तोंडांवर रंग असेल तर तो आधी खरवडून काढायचा. या प्लेटवर दोन्ही बाजूंनी छान निळा ऑइलपेंट मारलेला होता!

चालतं असं माप पूर्ण फेऱ्यात ०.१३ मिमी. इथं बोअरचं वाचन ०.८२ आलं. म्हणजे सेंटर त्याच्या निम्म्यानं, ०.४१ मिमीनं बाजूला. बेल हाउसिंगच्या मागच्या फेसचं ०.३४, तेही १३० मिमीच्या व्यासावर. ऐकायला किरकोळ वाटतं, पण हाच तिरकेपणा २५० मिमी मागं गेला की ०.६५ मिमी होतो. जुना पायलट बुश मालकानं डबीत जपून ठेवला होता. तो अंडाकृती झालेला. क्लच प्लेटच्या हबचे स्प्लाइन एकाच बाजूनं चमकत होते, हबचे रिव्हेट ढिले. हे पुरावे आधीच्या प्रत्येक मिस्त्रीच्या हातात आले होते. बुश खराब म्हणून बुश बदलला. तो गोलाचा अंडा कसा झाला, हे कुणी विचारलं नाही.

प्लेट सुटी करून सरफेस प्लेटवर ठेवली, तर ०.४ मिमीचा बाक. आता तिला सरळ ग्राइंडरवर टाकणं हा पहिला मोह. पण मॅग्नेटिक चक वाकडी प्लेट ओढून सपाट करतो, त्या अवस्थेत ती ग्राइंड होते आणि चक बंद केला की प्लेट पुन्हा वाकते, वरून गुळगुळीत दिसते एवढंच. शिवाय गॅस कटिंगच्या कडांना ताण अडकलेला असतो. वरचा थर निघाला की तो ताण सुटतो आणि प्लेट नव्यानं हलते. म्हणून आधी हीट ट्रीटमेंटला पाठवली. ६०० अंशांच्या आसपास तासभर आणि भट्टीतच गार. मग ग्राइंडरवर बाकाच्या पोकळ जागी शिम भरून, चक हलका लावून पहिली बाजू, उलटून दुसरी, असं आलटून पालटून. शेवटी जाडी १५.१ राहिली आणि दोन्ही बाजू २० मायक्रॉनमध्ये समांतर.

जाडी कमी झाली की डबा पुढं सरकतो, हे इंजिन बदलणारे विसरतात. प्लेट जाड असेल तर शाफ्टचं टोक बुशापर्यंत पुरेसं पोचत नाही, पातळ असेल तर टोक आत टेकून क्रँकला पुढं रेटतं आणि थ्रस्ट वॉशर जातात. टोकाला मार्किंग ब्ल्यू लावून, डबा एकदा बसवून आणि काढून बुशात किती मिमी उमटलं ते पाहायचं. क्लच दाबणाऱ्या रिलीज बेअरिंगची चाल पुन्हा मोजायची. इथं दोन्ही जमलं.

नवा बुश सिंटर्ड (पावडर दाबून केलेल्या, सच्छिद्र) ब्राँझचा, रात्रभर इंजिन ऑइलमध्ये भिजवलेला, शाफ्टवर ०.०५ मिमी सैल. सिंटर्ड बुशाला आतून रीमर मारायचा नसतो, छिद्रं बुजतात आणि तेल बाहेर येत नाही. त्यासाठी आधीच माप धरून प्रेस करावा लागतो. साध्या ब्राँझच्या बारमधून टर्न करून दिलेला बुश स्वस्त पडतो. तो कोरडा चालतो आणि शाफ्टचं टोक खातो.

मग सेंटरिंग. बोल्ट हाताच्या जोरानं लावून तांब्याच्या हातोडीनं बेल हाउसिंगला टिचक्या, डायलवर डोळा. ०.८२ वरून ०.०९. एम १० चे बोल्ट ४५ न्यूटन मीटरला समोरासमोर आवळले, वाचन ०.११ झालं. आवळताना थोडं हलतंच, म्हणून आवळून झाल्यावरचं वाचन खरं. त्यानंतर मॅग्नेटिक ड्रिल लावून दोन्ही जोडांना तिरप्या कोपऱ्यांत दोन-दोन होलं, ११.८ चा ड्रिल, १२ एच ७ चा (एच ७ म्हणजे मापातल्या फरकाची मर्यादा) रीमर, त्यात कडक पिना. यापुढं डबा कितीही वेळा उतरवा, तो त्याच जागी बसणार. परदेशात यासाठी एक्सेंट्रिक डॉवेल तयार मिळतात. आपल्याकडं बिघडलेल्या प्लेटला हाच रस्ता.

गाडीत बाकी गोष्टीही होत्या. इंजिन रबरी फाउंडेशनवर, पण इंजिन ते चासी अर्थची पट्टीच नाही. स्टार्टर मारताना बॅटरीच्या निगेटिव्हपासून ब्लॉकपर्यंत २.६ व्होल्टचा ड्रॉप, आणि स्टार्टरचा सगळा करंट अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून जात होता. केबलचं आवरण करपलेलं, तरी मालक "केबल लोकल आहे" म्हणत नवी टाकत होता. ३५ चौरस मिमीची अर्थची वेणी टाकली, ड्रॉप ०.१५ वर. पेट्रोलच्या टाकीला रिटर्न लाइन नव्हती. इंजेक्टरची जास्तीची डिझेल एका बाटलीत सोडलेली! ती टाकीत नेली.

आणि वेगाची अपेक्षा. डीआय टाकलं की बोलेरोसारखी पळेल, असं घरच्यांना वाटलेलं. जुन्या जीपच्या डिफरन्शियलचा रेशो ५.३८. इंजिन ३२०० आरपीएमला गव्हर्न झालेलं, म्हणजे त्यापुढं फिरत नाही, टॉप एकास एक, टायर ६.००-१६. हिशेब केला तर ताशी ८० च्या आसपास संपतो. पेट्रोल इंजिन ४००० पर्यंत जायचं, तेव्हा गाडी १०० च्या आसपास जायची. ओढ वाढली, वेग घटला. ब्रेक तेच ९ इंची ड्रम आणि पुढचं वजन वाढलेलं, तेव्हा ८० पुरेसे आहेत असं मी म्हणालो. ते त्यांना फारसं आवडलं नाही.

कागदाचंही सांगितलं. आरसीवर गाडी अजून पेट्रोल आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, दोन्हींनंतर मूळ स्पेसिफिकेशनच्या बाहेरचा बदल आरटीओत नोंदवून घेणं अवघड आहे. उद्या अपघात झाला तर विमा कंपनी इंजिन नंबरच आधी वाचेल. शेतातल्या रस्त्यावर चालवायची, हे त्यांचं उत्तर. अजिंठ्याचा घाट कुणाच्या शेतात येतो, ते मी विचारलं नाही.

ट्यूब काढून मालकानं घाट उतरवला, फोन केला, टॉप सुटला नाही. प्रकरण इथं मिटायला हवं होतं.

पण डब्याबरोबर टेम्पोत मागच्या क्रॉसमेंबरचे (चासीच्या आडव्या पट्टीचे) तुकडे आले होते, ते मी नीट पाहिले. डबा काढायला तो गॅसनं कापलेला. त्याच्यावर गिअरबॉक्सची पाठ रबराशिवाय, थेट वेल्डिंगनं धरलेली होती. मेव्हण्याचं काम, आणि मालकाला त्याचा अभिमान: "दाजीनं मारलेलं वेल्डिंग हाय, सुटनार न्हाई." नाही सुटलं, तेच तर. पुढं इंजिन रबरावर हलतंय, मागं डबा चासीला जखडलेला आणि जीपची शिडीसारखी चासी बांधावरून जाताना पिळवटते. तो सगळा पीळ जायचा कुठं? मधल्या जोडात, म्हणजे १६ मिमीच्या प्लेटमध्ये आणि त्या सैल होलांत.

मग ०.४ चा बाक गॅस कटिंगचा, की या पिळाचा? सेंटर सुरुवातीपासून बाजूला होतं, की रोज थोडं थोडं सरकत गेलं? दोन्हींचे परिणाम सारखेच दिसतात. क्रॉसमेंबर न कापता, डबा जागेवर असताना चासीला जॅक लावून मोजलं असतं तर कळलं असतं, पण गाडी आली तेव्हा ती वेळ गेलेली होती. प्लेट बनवणारा म्हणतो सपाट दिली होती, दाजी म्हणतात वेल्डिंगमुळं काही होत नसतं.

नवा क्रॉसमेंबर रबरी माउंटिंगवर बसवून दिला आहे. बोल्टच्या डोक्यांवर पिवळ्या मार्करनं रेघा ओढल्या आहेत. पेरणी आटोपली की जीप ऑइल बदलायला येणार आहे. तेव्हा डबा उतरवून डॉवेलच्या पिना काढीन. एका बाजूनं घासल्या असतील तर पीळ अजून कुठून तरी येतोय आणि मग पुढचं माप चासीचं.