तुम्ही विचारलंत म्हणून: फटाक्यातली दारू भरून चालेल का?

नाशिकमध्ये कुठल्याही शाळेत मॉडेल रॉकेटवर बोलायला गेलो की हा प्रश्न येतोच: "सर, दिवाळीच्या रॉकेटातली दारू काढून आपल्या नळीत भरली तर?" नाही, अजिबात नाही. पण नुसत्या 'नाही'ने मुलांचं समाधान होत नाही, आणि होऊही नये.

सी६-५ ही छंदवाल्यांची नेहमीची मोटर, म्हणजे रॉकेटला वर ढकलणारा, इंधन भरलेला भाग. १८ मिलिमीटर जाडीची, ७० मिलिमीटर लांबीची कागदी नळी. खाली मातीचं नोझल (वायू बाहेर सोडणारं अरुंद तोंड), त्यावर घट्ट दाबलेली काळी दारू. सी म्हणजे एकूण आवेग (जोर गुणिले तो जितका वेळ लागतो तो वेळ) ५ ते १० न्यूटन-सेकंद. पुढच्या प्रत्येक अक्षराला ही मर्यादा दुप्पट होते. ६ म्हणजे सरासरी ६ न्यूटन जोर.

शेवटचा ५ मला सगळ्यात आवडतो. इंधन दोनेक सेकंदांत संपतं, पण रॉकेट वेगाच्या भरात वर जातच असतं. तेवढा वेळ, ५ सेकंद, एक वेगळा थर नुसता धूर सोडत जळतो. तो संपला की वरची चिमूटभर दारू पेटते, नाकाचा शंकू सुटतो आणि पॅराशूट बाहेर पडतं. हे लवकर झालं तर वेगात पॅराशूट फाटतं, उशीर झाला तर रॉकेट नाक खाली करून जमिनीकडे सुटलेलं असतं.

हे दर वेळी तसंच घडायला दारू दर वेळी तितकीच दाबलेली हवी. १९५७च्या सुमारास अमेरिकेत घरच्या घरी रॉकेटं बनवताना मुलं जखमी होत होती. ऑर्व्हिल कार्लाइल आणि हॅरी स्टाइन यांनी तयार मोटरींचा मार्ग काढला आणि व्हर्न एस्टेस यांनी त्या दाबायचं यंत्रच बनवलं. हाताने भरलेल्या दारूत भेग किंवा पोकळी राहते. आग तिथे शिरली की जळणारा पृष्ठभाग एकदम वाढतो, दाब चढतो आणि नळी फुटते. शिवाय फटाका खरवडताना घर्षणानेही दारू पेटू शकते. क्षेपणास्त्रांच्या घन इंधनावर काम करणारी डीआरडीओची प्रयोगशाळा आपल्या नाशिकमध्येच आहे. असल्या मोठ्या मोटरींचे एक्स-रे काढतात, ते याच भेगांसाठी.

मग मुलांनी करायचं काय? पाण्याचं रॉकेट: शीतपेयाची बाटली, तिच्यात तृतीयांश पाणी आणि हवा भरायला सायकलचा पंप. पॅराशूट वेळेवर उघडायचा प्रश्न तिथेही आहेच. सोबत संगणकावरच रॉकेट उडवून बघायचं ओपनरॉकेट हे मोफत सॉफ्टवेअर घ्या, एकाच रॉकेटला आधी सी६-३ आणि मग सी६-५ लावा, आणि पॅराशूट किती उंचीवर, किती वेगात उघडतं ते ताडून बघा.