एकादशीचे पंधरा फॉर्म

एम.एस्सी. न्यूट्रिशनला प्रवेश घेतला तेव्हा नातेवाइकांनी गृहीतच धरलं होतं की मी आता वजन कमी करायचे तक्ते देणार. प्रत्यक्षात पहिलं वर्ष प्रयोगशाळेतच गेलं. डाळीचं पीठ सल्फ्युरिक आम्लात उकळायचं, काळ्याकुट्ट द्रावाचा स्वच्छ हिरवट-निळा व्हायची वाट बघायची, आलेल्या नायट्रोजनला 6.25 ने गुणलं की प्रथिनं. माझा फ्लास्क दोनदा फेसाळून उतू गेला. असो.

खरी परीक्षा प्रबंधाची. मंगळवेढा तालुक्यातल्या एका गावात बायकांच्या आहारातलं लोह मोजायचं होतं. पद्धत सोपी वाटते: गेल्या चोवीस तासांत काय काय खाल्लं ते विचारायचं.

"काल काय जेवलात?"

"काय जेवनार बाई, भाकरी अन् कालवण."

"भाकरी किती?"

"चार," उत्तर दारातून सासूबाईंनी दिलं. सून खाली बघत राहिली.

मग मी जेवणाचं विचारणंच सोडलं. उठल्यावर काय केलंत, शेतात कधी गेलात, तिथं काय तोंडात टाकलंत, असं दिवसाच्या मागोमाग जायचं. तेव्हा कुठे शेंगा फोडताना खाल्लेले दाणे, बांधावरची चिंच, जेवणावरचा चहा बाहेर यायचा. शेवटी कळायचं की सगळे उठल्यावर उरल्या त्या तीनच भाकरी तिच्या वाट्याला आल्या होत्या.

भाकरीचं वजन ही आणखी एक गंमत. ताजी जड, शिळी हलकी. म्हणून भाकरी नाही, परातीत घेतलेलं पीठ मोजायचं. एका ताईंचं एका भाकरीचं पीठ 90 ग्रॅम भरलं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यांत 100 ग्रॅम ज्वारीत लोह जेमतेम 4 मिलिग्रॅम, म्हणजे तीन भाकऱ्यांचं साधारण पावणेअकरा. बाईची रोजची शिफारस 29. त्यात ज्वारीतलं फायटेट नावाचं द्रव्य आणि वरचा चहा, दोन्ही लोह अंगी लागू देत नाहीत. (त्या तक्त्यांत ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिलीय. प्रत्येक आकडा 4.184 ने भागून कॅलरी काढताना मी कुणाकुणाला शिव्या घातल्या ते इथं लिहीत नाही.)

एका दिवशी मात्र पंधरा घरं झाली आणि पंधराही ठिकाणी तेच: साबुदाणा, भगर, दाण्याची आमटी. भाकरी कुठेच नाही. मी खूश, काहीतरी वेगळं सापडलं म्हणून. पंधराव्या घरातली आजी म्हणाली, "आगं पोरी, काल एकादशी न्हवती का?" पंढरपूर हाकेच्या अंतरावर, आणि मला आठवण नाही!

गाईड मॅडमना फोन केला. "घरात कॅलेंडर नाही का गं?" एवढंच म्हणाल्या. ते फॉर्म बाजूला ठेवून दुसऱ्या आठवड्यात पुन्हा सगळी घरं केली. त्या बायांनी दुसऱ्यांदाही चहा पाजला.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी परिशिष्ट चाळलं. "तुमचे फॉर्म 31 नंतर एकदम 47 कसे?"

मी एकादशीचं सांगितलं. त्या हसल्या, मग चष्मा काढून म्हणाल्या, "वर्षाला चोवीस एकादश्या येतात. त्या दिवशीचं जेवण हे जेवण नाही?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पास झाले, पण ते पंधरा फॉर्म अजून कपाटात आहेत आणि त्यातलं लोह मी अजून मोजतेय.