परीक्षेच्या मोसमातला उमे

फेब्रुवारीत जपानला निघाले म्हटल्यावर ज्याने त्याने ऐकवलं, "अगं, साकुरा एप्रिलमध्ये असतो!" चेरीचा हा बहर कधी असतो ते ठाऊक होतं. एप्रिलमध्ये क्योतोत हॉटेलांचे भाव काय होतात तेही ठाऊक होतं. शिवाय साकुऱ्याला वास जवळजवळ नसतोच. उमेला असतो, म्हणजे जपानी प्लमच्या फुलाला. जुन्या 'मान्योश्यू' या काव्यसंग्रहात उमेवर शंभराहून जास्त कविता आहेत, साकुरावर त्याच्या निम्म्याही नाहीत. हे मी सगळ्यांना सांगून पाहिलं. कोणाला फरक पडला नाही.

ओसाका आणि नारा थंडीने काकडत उरकलं. तिथलं सांगण्यासारखं काही नाही.

क्योतोच्या कितानो तेनमानगू देवळात मात्र मुद्दाम २५ फेब्रुवारी गाठली. सुगावारा नो मिचिझाने हा विद्वान, कवी आणि दरबारातला बडा मंत्री. विरोधकांनी कान फुंकले आणि त्याची रवानगी दूर क्यूशू बेटावर दाझाइफूला झाली. निघताना अंगणातल्या उमेला तो कवितेत सांगून गेला: पूर्वेचा वारा सुटला की तुझा सुगंध पाठव, धनी नाही म्हणून वसंत विसरू नकोस. ९०३ साली तो तिकडेच वारला. पुढे राजवाड्यावर वीज पडली, लोकांनी तो त्याचाच कोप मानला आणि ९४७ मध्ये हे देऊळ उभं राहिलं. आता तो विद्येचा देव आहे, आणि २५ ही त्याची पुण्यतिथी.

त्या दिवशी तिथे उमेचा उत्सव असतो. कामिशिचिकेन या जवळच्या वस्तीतल्या गेइको (क्योतोतल्या गेइशा) आणि मायको (शिकाऊ गेइको) उघड्यावर चहा देतात. १५८७ मध्ये तेव्हाचा जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याने याच आवारात मोठा चहा-समारंभ केला होता, त्याची ही आठवण. त्याने म्हणे गोरगरिबांनाही बोलावलं होतं. आता तिकीट लागतं, आणि ज्यांच्याकडे ते नाही ते दोरीपलीकडून हातभर लांब लेन्स रोखून उभे असतात. एका मायकोने कप खाली ठेवला तर इतके शटर वाजले की मलाच कानकोंडं झालं. माझ्या पाठीशी पांढऱ्या उमेची फांदी घमघमत होती, मधासारखी आणि किंचित आंबूस. तिच्याकडे कोणी वळून पाहत नव्हतं. एका काकांनी तर फोटोच्या आड येते म्हणून ती हाताने बाजूला सारली. मी वैतागून तिथून निघाले.

आवारात ठिकठिकाणी बसलेल्या बैलांच्या मूर्ती आहेत. डोक्यावरून हात फिरवायचा, मग तोच आपल्या डोक्यावरून, बुद्धी मिळते. आपल्या नंदीपेक्षा या बैलाला काम जास्त. एकाचं कपाळ तर लोकांच्या हातांनी गुळगुळीत झालं होतं. पुण्यात भाचीची बारावी चालू होती, म्हणून तिच्या नावानेही हात फिरवला. शेजारी जाड कोटातल्या एक बाई कितीतरी वेळ तेच करत होत्या. त्यांनी फोनवर काहीतरी बोलून तो माझ्यापुढे धरला. पडद्यावर उमटलं: "तुमच्या घरी कोणाची परीक्षा आहे?"

भाचीची, म्हटलं. मग कळलं की सरकारी विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षाही नेमक्या २५ तारखेलाच सुरू होतात. त्यांचा मुलगा त्या क्षणी शहरातच पेपर लिहीत होता. परीक्षाकेंद्राबाहेर थांबू नकोस, असं त्याने बजावलं होतं, म्हणून त्या इथे. नवसाच्या लाकडी पाट्या चळतीने टांगलेल्या होत्या, त्यांतली आपली त्यांनी बोटाने दाखवली. फुलं पाहिलीत का, मी विचारलं. त्या हसल्या. फोन म्हणाला, "पुढच्या वर्षी."

माझे लाल झालेले हात पाहून त्यांनी पिशवीतून ऊब देणारी पुडी काढून दिली. नको नको म्हणत घेतली. मुलासाठी आणलेल्यांतली जास्तीची होती.

महिन्याच्या २५ तारखेचा जुना बाजारही बाहेर भरला होता. वापरलेले किमोनो, चिनी मातीची भांडी, गंजलेली हत्यारं, आणि चालायला जागा नाही. एक निळी वाटी घेतली, भाव करायची हिंमत झाली नाही. रात्री भाचीला फोन केला. ती म्हणाली, "मावशी, उद्या सुट्टी आहे, झोपू दे ना!"